पनवेलच्या बांधावरचा माका

पनवेलला कुणी हौसेने जात नाही, तिथून पुढे जातात. आमचा दादा मात्र पुढे आलाच नाही. मुंबईहून पुण्याला येताना तो पनवेलच्या स्टँडवर चहा प्यायला उतरला, एसटी सुटली, आणि त्याची बॅग तेवढी घरी पोचली. पोलीस, पेपरातल्या जाहिराती, ज्योतिषी, सगळं झालं. बारा वर्षं उलटली की बेपत्ता माणसाचे अंत्यविधी करता येतात, असं कुणीतरी बाबांच्या कानावर घातलं आणि घरात भांडण पेटलं. आई म्हणायची, माझा मुलगा मेलेला नाही. बाबा म्हणायचे, लोकांना उत्तरं देऊन मी थकलो. मग एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता आई म्हणाली, करून टाका. इतक्या सहज म्हणाली की मला तिची भीतीच वाटली. सर्वपित्रीचा दिवस ठरला आणि जागा पनवेलचीच.

ही नव्वदीतली गोष्ट. एक्स्प्रेसवे अजून व्हायचा होता. शिवाजीनगरहून पहाटेची एसटी पकडायची, घाटात धुकं आणि ट्रकचा धूर एकत्र गिळायचा आणि खोपोलीला गाडी थांबली की वड्यांच्या वासाने तोंडाला पाणी सुटू द्यायचं. जुन्या रस्त्याने जाणार असाल तर तो वडा जरूर खा. आम्हाला श्राद्ध होईपर्यंत खायचं नव्हतं. मी चहा घेतला, तर बाबांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तोही कडू लागला.

पनवेलला उतरल्यावर आईने स्टँडकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ रिक्षात जाऊन बसली. गुरुजींनी सुकापूरच्या बाजूला गाढी नदीवर बोलावलं होतं. रिक्षावाला वाटेतच म्हणाला, "आमी पुलापातूर सोडू. फुडं लय चिखल हाय." रस्त्याच्या एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला भरावाची लाल माती आणि होणाऱ्या इमारतींच्या पाट्या. आभाळ खाली आलेलं. घाट नाही, देऊळ नाही. मुलाला निरोप द्यायला इतकी भकास जागा असावी, याचा मला रागच आला.

गुरुजी भले गृहस्थ होते, पण घाईत. त्या दिवशी त्यांना तीन घरं करायची होती. दर्भ, तीळ, सगळं त्यांनी आणलं होतं. फक्त माका आणला नव्हता. तो इथे बांधावर हवा तेवढा आहे, ताजाच तोडून आणा, असं त्यांनी सांगितलं. आई लगेच निघाली, मीही तिच्यामागे गेले.

ज्यांना माका ओळखता येत नाही त्यांच्यासाठी सांगते. तो ओलीत वाढतो. फूल पांढरं, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान, पानाच्या बेचक्यात आखूड देठावर. पान खरखरीत. खूण पटवायची तर देठ चुरडून थोडं थांबायचं, रस काळा पडतो. एकदांडीही त्याच सूर्यफुलाच्या कुळातली आणि तिचं पानही खरखरीतच. पण ती कोरड्यात उगवते, पानांच्या कडा दातेरी असतात आणि लांबलचक दांड्यावर एकच फूल असतं, मध्ये पिवळं. हे सगळं मला आईने शिकवलं. आमच्या लहानपणी ती माक्याचं तेल घरी काढायची.

आई बांधाच्या कोरड्या उतारावर बसून एकदांडी तोडत होती. प्रत्येक दांडा खुडून फूल खाली टाकायची आणि नुसती पानं पदरात घ्यायची. मला वाटलं, डोळे भरून आल्यामुळे तिला दिसत नाही. मी खाली पाण्याकडे जाऊन मूठभर माका आणला आणि तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला आणि शेतातल्या पाण्यात सोडून दिला.

"आई, अगं ती एकदांडी आहे."

"कळतं मला. माका पितरांना लागतो. माझा मुलगा कुठे पितर झालाय?"

मीही खाली बसले आणि तिच्याबरोबर फुलं खुडू लागले.

विधी झाला. गुरुजींनी ओंजळभर पानांकडे न पाहताच ती बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती हातात चुरडत पिंडावर वाहिली. दादाच्या जागी केलेल्या दर्भाच्या पुतळ्याला त्यांनी अग्नी दिला. आई दोन पावलं मागे कोरड्या डोळ्यांनी उभी होती. नंतर गुरुजींच्या घरी जेवलो. वडे, खीर, आमसुलाची चटणी. स्वयंपाक चांगला होता, पण बाबांनी पानाला हातच लावला नाही. आई मात्र पोटभर जेवली, आणि ते पाहून मला रडू आलं.

रात्री पुण्याला पोचलो. आई आंघोळीला गेली तेव्हा बाबा ओट्यापाशी आले. मला वाटलं, पाणी हवंय. त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. स्वच्छ होते. म्हणाले, माक्याचा काळा डाग धुऊनही जात नाही, तिथेच कळलं होतं मला.

मी घाबरून विचारलं, मग गुरुजींना सांगितलं का नाही?

बाबांनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "पुढच्या वर्षीही माका तिलाच तोडू दे."