'येते' म्हणजे संध्याकाळी येते!

मंडळी, आज सकाळी माझीच शिकवणी झाली. सदाशिव पेठेतल्या निवृत्त मास्तराची!

माझी लेक इंजिनिअर. नव्या वेगवान रेल्वेच्या आखणीचं काम करते. सर्वेक्षणासाठी नागपूरला निघताना म्हणाली, "येते हं बाबा."

मी म्हणालो, "म्हणायचं 'येते' आणि उगवायचं चार दिवसांनी!"

बूट घालता घालता ती म्हणाली, "म्हणून तर ही गाडी हवी. सकाळी 'येते' म्हटलं की संध्याकाळी जेवायला घरी. आपल्या वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या नागपूरच्या मुलीसुद्धा दर रविवारी आईच्या हातचं खाऊन येतील."

शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं, पण 'येते'चा अर्थ खरा करायला माझी लेक निघाली आहे.

तुमच्या घरातून 'येते' म्हणून गेलेलं माणूस सध्या कुठे असतं?