राखणदाराच्या शिव्या

ती घटना आजही बारीकसारीक तपशिलासकट आठवते, कारण त्या तपासात मला गुन्हेगार सापडला नाही आणि तरीही तपास पूर्ण झाला. नावं कोणाचीच देत नाही. माणसं हयात आहेत.

आमचं ठाणं लातूर जिल्ह्यात, नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर. हद्दीत एक साठवण तलाव होता आणि त्यातली मासेमारी एका मत्स्य संस्थेकडे ठेक्याने होती. एका रविवारी सकाळी जाळी काढायला गेलेल्या माणसांना संस्थेचा राखणदार पाण्यात मेलेला दिसला. पन्नाशीचा, किडकिडीत माणूस. मी पोचेपर्यंत त्यांनी प्रेत काठावर आणलं होतं. पंचनाम्यात मी नेहमीच्या क्रमाने गेलो: कपडे, खिसे, अंगावरच्या खुणा, हात, नखं. मार कुठे दिसला नाही. नखांत मात्र पांढरे बारीक दाणे अडकले होते. ते पुडीत घालून सील केले, आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली आणि प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं.

दुपारपर्यंत ठाण्यासमोर गाव जमलं. संस्थेचे चेअरमन आणि सचिव यांचं म्हणणं एकच. राखणदाराला पोहता येत नव्हतं, तो कधी पाण्यात उतरत नसे. तो पाळूवर, म्हणजे तलावाच्या बांधावर बसूनच राखण करी. रात्री चोरून मासे धरणारा एक होडीवाला आहे, त्यानेच त्याला ओढून बुडवलं. मयताच्या भावाने तर सांगूनच टाकलं की होडीवाल्याला खुनात अटक झाल्याशिवाय प्रेत ताब्यात घेणार नाही.

होडीवाला कोण, ते फाट्यावरच्या चहावाल्याकडून कळलं. तो आमचा जुना खबऱ्या.

"दर शनवारी येतो साहेब. गाडीच्या टपावर नारिंगी लांबोडकं बांधलेलं आसतंय. लातूरला क्लासमधी मास्तर हाय म्हनं. मासा धरतो अन् परत सोडून देतो."

"सोडून देतो?"

"हाव. मी म्हणलं, मग डिझेल जाळून येता कशाला? तर नुसता हासला."

मीही विश्वास ठेवला नाही.

ते लांबोडकं म्हणजे कयाक, एका माणसापुरती प्लास्टिकची होडी. सोमवारी आम्ही लातूरला त्या क्लासवर गेलो तेव्हा मास्तर भौतिकशास्त्र शिकवत होते. तास संपेपर्यंत मी जिन्यात थांबलो. पोरांसमोर दंडाला धरून नेलेला माणूस पुढे निर्दोष ठरला तरी पोरं ते विसरत नाहीत.

ठाण्यात त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की त्या शनिवारी आपण गेलोच नव्हतो. मी वाद घातला नाही. होडीबद्दल विचारलं, गळाबद्दल विचारलं, मरळ मासा कसा लागतो ते विचारलं. माणूस आपल्या छंदाबद्दल बोलायला लागला की त्याला खोटं सांभाळता येत नाही, हा माझा अनुभव. त्यांच्या घरी मासळी चालत नव्हती, म्हणून धरलेला मासा ते सोडून देत. आठवडाभर फळ्यासमोर बोलून झाल्यावर एक रात्र कोणाशी न बोलता बसायला मिळावं, एवढीच त्यांची हौस. बोलता बोलता म्हणाले, "परवाचंच बघा, मोठी मरळ लागली होती. पण त्यानं ओरडायला सुरुवात केली अन् दिवा बंद करावा लागला."

एवढं बोलून ते थांबले. 

पुढचं त्यांनी सलग सांगितलं. दर शनिवारी असंच चाले. राखणदार पाळूवरून बॅटरी फिरवी आणि आईबहिणीवरून शिव्या देई. हे डोक्यावरचा दिवा विझवून काठच्या उंच पाणकणसांत शिरत, आवाज थांबेपर्यंत गप्प बसत आणि मग पुन्हा गळ टाकत. त्या रात्री आवाज जवळून आला. नेहमीपेक्षा जास्त वेळ चालला. मग बंद झाला.

"काय ओरडत होता?"

"शब्द मी कधी ऐकतच नव्हतो, साहेब. आवाज आला की दिवा बंद. मला वाटलं, आज लई तापलाय."

आणि मग त्यांचं त्यांनाच काहीतरी लक्षात आलं असावं. त्यांनी पाणी मागितलं आणि ग्लास तसाच हातात धरून बसले.

त्यांच्या बोलण्याला पुरावा काहीच नव्हता. मृत्यू बुडून आणि अंगावर जखम नाही, असं डॉक्टरांनी कळवलं. पण बुडवलेल्या माणसाच्या अंगावर जखम असतेच असं नाही. उरले नखांतले दाणे. ते थर्माकोलचे होते, हे नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं. आमच्याकडचे मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकतात. संस्थेचे तराफे पाहिले तर एक कमी भरला.

माझा हवालदार म्हणाला, "थर्माकोल बुडत तर न्हाई, साहेब. मग गेला कुठं?"

तो सचिवाच्या गोठ्यात कडब्याखाली सापडला. एका बाजूची कड नखांनी ओरबाडून निघाली होती.

सचिवाला फार विचारावं लागलं नाही. शनिवारी संध्याकाळी संस्थेच्या बैठकीत होडीवाल्याचा विषय निघाला होता आणि चेअरमननी राखणदाराला सगळ्यांसमोर उभं केलं होतं.

"काय म्हणाले त्याला?"

"म्हणले, पाळूवर बसून नुसत्या शिव्याच देतूस का? तुला जमत नसंल तर उद्यापासून बायकूला पाठव राखणीला."

"मग?"

"समदे हासले. त्यो बी हासला." सचिवाने मान खाली घातली. "आमी त्याला ढकललं न्हाई, साहेब. बोललो फक्त."

पोहता न येणारा माणूस त्याच रात्री तराफा घेऊन पाण्यात उतरला. सकाळी उलटा झालेला तराफा सचिवाला आधी दिसला. संस्थेवर शेकेल म्हणून त्याने तो उचलून नेला आणि होडीवाल्याचं नाव पुढे केलं.

मयताच्या भावाला मी तराफा दाखवला, नखांचं सांगितलं, सगळं क्रमाने समजावलं. त्याच दिवशी रात्री त्याने प्रेत ताब्यात घेतलं. खुनाचा गुन्हा दाखल झाला नाही. पुरावा दडवल्याबद्दल सचिवावर कारवाई झाली, विनापरवाना मासेमारीची किरकोळ कारवाई मास्तरांवर. चेअरमनवर काहीच नाही.

मास्तर जबाबावर सही करून उठले आणि दारात थांबले. "मी दिवा चालू ठेवला असता तर तो दिव्याच्या दिशेनं आला असता. मी हाताला धरला असता. याला काहीच कलम नाही का, साहेब?"

नाही म्हणून सांगितलं.

राखणदाराची बायको पंचनाम्यात जमा झालेल्या त्याच्या चपला आणि बॅटरी न्यायला ठाण्यात येणार होती. तिला भेटू द्या, असं मास्तरांनी दोनदा फोन करून विनवलं होतं. मी तिची परवानगी घेतली आणि त्यांनाही त्याच दिवशी बोलावलं. ती अंगावर धावून जाईल, या हिशोबाने एक महिला शिपाई जवळ उभी केली होती. मास्तरांनी बसायला नकार दिला. दिवा विझवल्याचं सांगितलं, आवाज ऐकल्याचं सांगितलं, मासे सोडून देत होतो हेही सांगितलं. तिने मधे एकदाही अडवलं नाही.

"इतवारी सकाळी घरी यायचे ते हासतच," ती म्हणाली. "म्हणायचे, मास्तरला आज बी पळवलं. शनवारी जेवन जरा लवकर मागायचे."

मग ती मास्तरांकडे वळली.

"मासे सोडून देता म्हणून एकदा सांगायचं व्हतं त्यांना. त्यांनी तुमाला चहा पाजला असता."

तिने पिशवी उचलली आणि ती एसटीच्या वेळेला निघून गेली.

त्यानंतर आकस्मिक मृत्यूच्या प्रत्येक चौकशीत मी एक प्रश्न वाढवला: आदल्या दिवशी मयताला कोण काय बोललं? उत्तर मिळायला वेळ लागतो, कारण ते बोलणं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं आणि बरेच जण त्यावर हसलेले असतात. हद्दीतल्या मत्स्य संस्थांची बैठक घेऊन मी दोन गोष्टी सांगत असे. राखणदाराला पोहता येतं का ते आधी विचारा. आणि रात्री पाण्यावर कोणी दिसला, तर दिवसा त्याला गाठून बोला. पहिली गोष्ट सगळे मान्य करत. दुसरीला कोणीतरी हमखास म्हणे, "चोराशी काय बोलायचं, साहेब?" राखणदाराच्या बायकोचं बोलणं त्यांना सांगावं, असं दर वेळी वाटे. पण भरल्या बैठकीत कोणीतरी त्यावरही हसेल, या भीतीने मी ते कधी सांगितलं नाही.