बसला सौदा

भूमच्या आठवडी बाजारात मी बैलांची दलाली करतो. आमच्याकडं भाव तोंडानं ठरत नाही. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात मी आळीपाळीनं रुमालाखाली धरतो. बोटं दाबली जातात, आकडा सरकतो आणि भोवतीच्या बघ्यांना पत्ताही लागत नाही. तोंडाचं काम शेवटी, पण तेच खरं. दलालानं मोठ्यानं "बसला सौदा" म्हटलं की मग कुणाला मागं फिरता येत नाही. माझी ती आरोळी बाजाराच्या पार टोकाला बसणाऱ्या भजीवाल्याला ऐकू जायची.

आवाज बसला आणि बसूनच राहिला, तेव्हा बाजारानं मला चिडवून घेतलं. दवाखान्यात दुर्बीण घालून बघितल्यावर चिडवणं थांबलं. स्वरयंत्राच्या एका पट्टीवर कॅन्सरची गाठ होती, पहिल्याच टप्प्यातली. मी घाबरलो. मरणाला कमी, मुकं होण्याला जास्त.

"मुका दलाल कुणाच्या कामाचा?" मी बायकोला विचारलं.

"आधी जित्तं ऱ्हावा," ती म्हणाली. "बाकीचं मागनं बघू."

मला दोन्ही पाहिजे होतं. बिडी त्याच दिवशी बंद केली.

मुंबईकडं एका मोठ्या दवाखान्यात प्रोटॉनचे किरण देतात असं कळल्यावर आम्ही तिथं गेलो. डॉक्टरीणबाईंनी कागदावर गळा काढून दाखवला. हा किरण ठरल्या जागी जाऊन थांबतो, पलीकडं फारसा जात नाही, असं त्या म्हणाल्या.

"बाई, आमच्यात बैल इकताना खोड सांगावी लागती," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो. "मारका हाय का, औताला बसतो का, समदं. ह्याची खोड काय?"

त्या हसल्या नाहीत. "साध्या रेडिएशननंही अशी गाठ बरी होते," त्या म्हणाल्या. "प्रोटॉननं आजूबाजूचा भाग कमी भाजेल, पण आवाज जास्त चांगला राहील अशी हमी मी देणार नाही. घसा सोलून निघेल, मध्ये आवाजही जाईल. आणि गिळलंत की गाठ जागची हलते, म्हणून अगदी स्थिर पडून राहावं लागेल."

हमी देणाऱ्याकडून मी आजवर जनावर घेतलेलं नाही. खोड सांगणाऱ्याकडून घेतो. "द्या," म्हणालो.

डोक्यापासून खांद्यापर्यंत जाळीचा मुखवटा बसवून त्यांनी मला टेबलाला जखडलं. मशीन चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, "त्रास झाला तर हात हलवा, काका," आणि दार लावून बाहेर कॅमेऱ्यापाशी जाऊन बसल्या. मी आवंढा दाबून पडलो. पण हात ऐकेनात. चादरीखाली माझी बोटं त्या गाठीशी भाव करायला लागली: तू जा, आवाज ठेव. दाब, सोड, पुन्हा दाब. तेवढ्यात मशीन थांबलं आणि ताई धावत आल्या.

"काय होतंय, काका?"

"सौदा," मी म्हणालो.

सगळं ऐकल्यावर त्या पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मला हातात धरायला एक रबरी चेंडू मिळाला, दाबायचा नाही अशी ताकीद देऊन.

पुढं आवाज खरंच गेला. पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी यायचं. भाड्याच्या खोलीत मी बायकोला बोटांची भाषा शिकवली. पेज किती चमचे प्यायची, यावर टॉवेलखाली घासाघीस चालायची. मी एक बोट दाबायचो, ती अख्खा पंजा. बाई माझ्याहून चिवट निघाली. रोज तिच्याच भावाला सौदा बसायचा, आणि मी गिळायचो.

काही महिन्यांनी तपासणीत गाठ दिसली नाही. "तपासणीला येत राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बोला, पण ओरडू नका."

त्याच आठवड्यात मी बाजार गाठला. बेंबळीच्या एका शेतकऱ्याची बैलजोडी होती. रुमालाखाली भाव जुळला आणि सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. एका म्हाताऱ्या दलालानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे बाबा. बोटानं सांग, आमी समजून घिऊ."

मला असा राग आला! समजून घ्यायला मी मुका होतो का?

"बसला सौदा!"

आवाज चिरका निघाला, मध्येच फाटला. पण शेतकऱ्यानं गुपचूप कासरा घेणाऱ्याच्या हातात दिला. कुणी मागं फिरलं नाही. मी बाजाराच्या टोकाकडं बघितलं. भजीवाला खाली मान घालून भजी तळत होता. त्याच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं.

पोचेल. पुढच्या बाजारी मी आणखी दोन पावलं त्याच्याकडं सरकून उभा राहणार आहे.