दम लागलेला पंखा

वाल्हेकरवाडीच्या विजयश्रीला देवानं एक गोष्ट मापाबाहेर दिली होती, ती म्हणजे कान. शेजारणीच्या मिक्सरचं पातं सैल झालं तर ते हिला जिन्यात कळायचं. तिचा नवरा सयाजी चाकणहून पहिली शिफ्ट करून निघाला, की तो गल्लीच्या तोंडाशी असतानाच ही चहाचं आधण ठेवायची.

"अगं, हॉर्नसुद्धा वाजवला नाही मी!"

"हॉर्न कशाला? गाडीची चेन ओरडतेय तुमच्या नावानं. तेल द्या तिला."

याच कानावर तिनं सतरा वर्षं नोकरी केली. परंड्याहून लग्न होऊन आली आणि भोसरीच्या एका ब्लोअरच्या कंपनीत लागली. ब्लोअर म्हणजे हवा फेकणारे मोठे पंखे. तिथं फोमनं मढवलेली एक शांत खोली होती. एकेक पंखा समोर यायचा, विजयश्री तो चालू करायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "पास," नाहीतर, "परत." पुढं आवाज मोजायचं यंत्र आलं. त्याचा काटाही बहुतेक वेळा हिच्याच बाजूनं बोलायचा.

मग कंपनीनं इथला गाशा गुंडाळला आणि दुसऱ्या राज्यात बस्तान मांडलं. विजयश्री सेहेचाळिसाव्या वर्षी घरी बसली. चार ठिकाणी जाऊन आली, सगळीकडं पहिला प्रश्न वयाचा. कानाचं कुणी विचारलंच नाही. दोन वर्षं पापड-कुरडया केल्या. हात चालायचे, पण पापडात ऐकायचं काय? रोज देवापुढं निरांजन लावताना तिचं एकच मागणं असायचं: "देवा, तू दिलेला कान गंजतोय रे. त्याला काम दे."

एका संकष्टीला मोरया गोसावींच्या दर्शनाहून परतताना ती चिंचवडगावात रविराजच्या दुकानात शिरली. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान, पण मोबाइलची काचही बसवून मिळायची, आणि तीच तिला बसवायची होती. टेबलावर एक कॉम्प्युटर घूं घूं करत होता.

तिला राहवेना. "दादा, या डब्यातला मागचा पंखा बेअरिंग खातोय. पुढचे दोन धड आहेत, पण नुसते किंचाळतायत."

रविराजनं मान वर केली. "ताई, इंजिनिअर आहात का?"

"नाही हो. सतरा वर्षं पंखेच ऐकलेत."

रविराजनं खुर्ची पुढं ओढली आणि मन मोकळं केलं. कॉम्प्युटर रावेतच्या योगिनी मॅडमचा होता. अंध मुलांसाठी त्या शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या. पण आवाजामागं ही घरघर येते म्हणून संस्थेनं त्यांचा नमुना दोनदा परत पाठवला होता. आता शनिवारी तिसरा आणि शेवटचा.

"मी तर हात टेकलेत," रविराज म्हणाला. "तुम्ही हा डबा गप करून दाखवा. सोमवारपासून ते दुसरं टेबल तुमचं. नाहीच जमलं, तर काचेचे पैसे तेवढे देऊन जा!"

विजयश्रीनं पदर खोचला. पुढचे दोन्ही पंखे ऐंशी मिलीमीटरचे, तळहाताएवढे. तिनं एकशेचाळीसचे दोन मागितले.

"ताई, मोठा पंखा म्हणजे आवाजही मोठा ना?"

"डास केवढा आणि कान किती खातो! घार केवढी, पण तिचा पंख कधी ऐकू आलाय? लहान पात्याला तेवढीच हवा ढकलायला जीव तोडून फिरावं लागतं. मोठं सावकाश फिरलं तरी भागतं."

पुढच्या चौकटीला मोठ्या मापाचीही भोकं होती, तिथं एकशेचाळीसचे बसले. मागं जागाच एकशेवीसची, म्हणून तिथं नवा एकशेवीस. पत्रा थरथरू नये म्हणून स्क्रूखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. शुक्रवारी दुपारी झाकणं लावली, कॉम्प्युटर चालू केला. कसा गप, जणू पारायणाला बसलाय! रविराज चहा सांगायला उठला.

चहा आला तेव्हा कॉम्प्युटर तापला होता, आणि तिन्ही पंखे फूऽऽ करत सुटले होते.

"काय ताई, तुमच्या घारीचा डास झाला की!"

उद्याचा शनिवार, आणि सोमवारपासून कामाला जाणार असं घरी सयाजीला तर ती सांगूनही बसली होती. चहा तसाच ठेवून विजयश्रीनं डोळे मिटले. हा बेअरिंगचा आवाज नव्हे. पात्याचाही नव्हे. असा आवाज तिनं कुठं ऐकला होता? शांत खोलीत! ब्लोअरच्या तोंडावर पुठ्ठा धरला की तो अस्साच धापा टाकायचा.

ती उठली. दुकानातल्या गणपतीपुढं सकाळची एक उदबत्ती शिल्लक होती. "तुझीच घेते रे बाबा," म्हणत तिनं ती पेटवली आणि कॉम्प्युटरच्या तोंडाशी धरली. धूर आत जाईना, काचेवरून सरळ वर चढला. पुढं सगळी शोभेची काच होती, बाजूला बोटभर फट तेवढी.

"दादा, पंख्याला दम लागलाय. आपण त्याला मोठं केलं आणि त्याचं नाक दाबून ठेवलं. चूक माझीच. मी पंखा बघितला, त्याची वाट बघितली नाही."

तिनं काच खटकन काढली. धूर दोरी ओढल्यासारखा आत शिरला. पाच मिनिटांत फूऽऽ उतरलं, आणि समोरच्या हातगाडीवरचं भजी तळणं ऐकू यायला लागलं. संध्याकाळपर्यंत तिनं ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून काचेच्या मापाचा भोकांचा पत्रा कापून आणला. वर बजावलं, "महिन्यातून एकदा ब्रशनं धूळ झाडायची. आपल्याकडची धूळ पाहुण्यासारखी नाही, ती येते आणि राहते."

शनिवारी योगिनी मॅडम कॉम्प्युटर घेऊन गेल्या. रविवार सरला, फोन नाही. सोमवारी सकाळी विजयश्री देवापुढं फुलं वाहत होती तेव्हा फोन वाजला.

"ऐका," रविराज म्हणाला आणि रेकॉर्डिंग लावलं. योगिनी मॅडम पाचवीचा धडा वाचत होत्या. शब्दांच्या मागं काही नव्हतं. विजयश्रीनं डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. तेवढ्यात फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"ही तुमच्या घरातली की मॅडमच्या?" तिनं विचारलं.

"त्यांच्या शेजारची! तेवढी कापली आणि बाकीचं संस्थेनं घेतलं. मॅडम विचारतायत, ताई कुकरपण दुरुस्त करतात का?"

देवाला हात जोडून ती निघाली. दुकानातलं दुसरं टेबल रिकामं करून ठेवलेलं होतं. त्यावर एक कोरा डबा होता, सकाळीच आलेला. विजयश्रीनं बटण दाबलं, डोळे मिटले.

"परत," ती म्हणाली.

"अहो ताई, नवा आहे तो!"

"नवा असू दे. उदबत्ती कुठंय?"