तळ्याकाठचं जाळ्यांचं देऊळ

नागभीडहून निघालेल्या एसटीतून मी एक फाटा आधीच उतरले. चूक माझीच. धानाच्या बांध्यांवरून तासभर चालल्यावर तळ्याच्या पाळीवर (बांधावर) काळ्या दगडांचं देऊळ दिसलं. चित्रकलेच्या शिक्षिकेची नोकरी संपल्यापासून मी अशी देवळं रेखाटत फिरते.

गाभाऱ्यात मूर्ती नव्हती. खांबांना मासेमारीची जाळी टांगलेली, दारावरच्या तडकलेल्या शिळेला सागाचे दोन टेकू. साठीच्या सिंधूबाई तिथे जाळं विणत बसल्या होत्या. मूर्ती कधी गेली ते कुणालाच ठाऊक नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांच्या आजोबांच्या वेळी इथे मालगुजाराचं (गावच्या जमीनदाराचं) धान भरलेलं असे. पुढे शाळा भरली. सिंधूबाई इथेच चौथीपर्यंत शिकल्या. पुराच्या वर्षी अर्धा मोहल्ला इथे राहिला आणि त्यांची थोरली मुलगी गाभाऱ्यातच जन्मली. आता देऊळ धोक्याचं झालंय म्हणून ते पाडून पत्र्याचं सभागृह बांधायचं घाटत होतं. दुसऱ्याच दिवशी ग्रामसभा होती.

पुन्हा देव बसवायचाय का, असं मी विचारलं.

"देव आला तं येऊ द्या, नाई आला तरी चालते," त्या म्हणाल्या. "पन सगळ्यायच्या कामी पडनारी जागा काऊन पाडाची?"

त्यांच्या घरी भात आणि झिंग्यांचा तिखट रस्सा जेवून मी मुक्काम केला. सकाळी दोरीला दगड बांधून ओळंबा केला आणि भिंती तपासल्या. सगळ्या सरळ होत्या. तडा एकाच शिळेला होता. ते नकाशा काढून त्यावर दाखवलं, सोबत देवळाचं चित्र काढलं. सिंधूबाईंनी चित्र बराच वेळ पाहिलं.

"बाई, आमचे जाळे नाई काढले?"

मी खाली बसून जाळी काढली. भिंतीवरचा शाळेचा काळा फळाही काढला.

सभेत काहींनी सभागृहाचा आग्रह धरला. सिंधूबाईंनी आवाज चढवला नाही. नकाशा सरपंचांपुढे ठेवला आणि इथे जे जे शिकले, त्यांनी हात वर करावेत, असं म्हणाल्या. सरपंचांचाही हात वर गेला. पाडण्याचा ठराव मागे घेतला गेला; उन्हाळ्यात शिळा बदलायचं ठरलं.

परतीच्या गाडीत मी जुनी वही चाळली. किती देवळांतून मी धान्याची पोती, वाळत घातलेली लुगडी, झोपलेली माणसं वगळली होती! चित्र स्वच्छ दिसावं म्हणून. त्यातल्या जवळच्या तीन गावांची नावं मी कागदावर लिहून काढली. तिथे पुन्हा जायचं आहे.