काकांचा चीन, काकांचा फ्रान्स

माझ्या मावससासऱ्यांइतके देश पाहिलेला माणूस साऱ्या कलकत्त्यात दुसरा नव्हता, आणि त्यांच्याइतका कलकत्त्याला चिकटून राहिलेला माणूसही दुसरा नव्हता. चीन, फ्रान्स, जावा, आर्मेनिया हे देश त्यांनी आम्हांला दाखवले ते सकाळी घरून निघून आणि संध्याकाळच्या दिवाबत्तीला परत आणून. बोटीचं तिकीट त्यांनी जन्मात काढलं नाही, पण परदेशाविषयी कुणी काही चुकीचं बोललं की ते असे कळवळत की जणू त्यांच्या आजोळाचीच निंदा झाली आहे.

देश स्वतंत्र झाला त्याच सुमारास ह्यांची बदली गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत झाली, आणि आमची लहानगी शालू, दोन ट्रंका आणि एक पाटा-वरवंटा घेऊन आम्ही बालीगंजला उतरलो. ह्यांच्या मावशी त्याच घरात वरच्या मजल्यावर राहत, म्हणून जागा मिळाली. मावशी मूळच्या वाईच्या. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, मात्र कलकत्त्यातच जन्मलेले, त्यांचे वडीलही तिथलेच. धरमतल्याला त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. उंच, सडपातळ बांधा, बंगाली पद्धतीचं धोतर, वर बंद गळ्याचा कोट, आणि चालताना मान किंचित मागे, समोर काहीतरी फार मोठं दिसत असल्यासारखी. पहिल्याच शनिवारी ते खाली आले आणि म्हणाले, "सूनबाई, उद्या पहाटे तयार राहा. चीनला जायचंय. मुलीला स्वेटर घाला."

मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. पण खरोखरच दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ट्रामनं त्यांनी आम्हांला बऊबाजारच्या पलीकडे चिनी वस्तीत नेलं. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी सगळ्यांना थांबवलं. "घड्याळं पुढे करा. इथं आपल्यापेक्षा आधी उजाडतं." ह्यांनी मुकाट्यानं घड्याळ पुढे केलं. आत शिरलो तर काय! वाफा सोडणाऱ्या वेताच्या टोपल्या, लाल दारं, भिंतींवर सोनेरी अक्षरं, आणि पायजमा घातलेल्या आज्या ओट्यावर बसून पाखरांसारख्या किलबिलत होत्या. प्रत्येक दारातून कुणीतरी काकांना हाक मारी, कारण प्रत्येक घरात त्यांच्या दुकानातला एक तरी चष्मा होता. जोडे शिवणाऱ्या एका म्हाताऱ्यानं शालूच्या हातात वाफाळता पांढरा गोळा ठेवला. आत काय आहे या शंकेनं मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "परदेशात आत काय आहे हे विचारत नाहीत," आणि पिशवीतून मावशींनी दिलेल्या दशम्यांचा डबा काढून ते स्वतः निर्धास्तपणे दशमी खाऊ लागले. शालूनं गोळा संपवून आणखी एक मागितला. घड्याळ मागे करायला विसरल्यामुळे सोमवारी हे कचेरीत पोचले तेव्हा दरवान तोंडात कडुलिंबाची काडी धरून उभा होता.

मग हा आमचा रिवाजच झाला. काकांबरोबर जायचं म्हणजे काही नियम पाळावे लागत. परदेशात असताना 'आपल्या कलकत्त्यात' असं म्हणायचं नाही. भाव करायचा नाही, कारण परक्या मुलखात हिंदुस्थानची अब्रू आपल्या हाती असते. आणि मुलांना झोप आली तरी खांद्यावर घ्यायचं नाही. प्रवासात झोपलेल्या मुलाला देश दिसत नाही. गार्डन रीचच्या बाजूच्या घाटावरून होडीनं नदी ओलांडून ते आम्हांला पलीकडच्या वनस्पतीबागेत न्यायचे, त्याचं नाव होतं जावाची सफर. होडीत पाय ठेवण्याआधी समुद्र लागू नये म्हणून प्रत्येकाच्या जिभेवर आल्याचा मीठ लावलेला तुकडा. एकदा शेजारी बसलेले एक बंगाली गृहस्थ हे सगळं कौतुकानं बघत होते. शेवटी न राहवून ते म्हणाले, "मोशाय, एटा तो आमादेर गोंगा!" काकांनी त्यांच्याही हातावर एक तुकडा ठेवला आणि अस्खलित बंगालीत सांगितलं की ही आपली गंगा खरीच, पण ती समुद्राला मिळते ना? मग समुद्र तिला काही सांगत नसेल कशावरून? त्या गृहस्थांनी आल्याचा तुकडा तोंडात टाकला आणि पलीकडे उतरल्यावर ते दिवसभर आमच्याबरोबर जावात हिंडले.

पण काकांचा खरा अभिमान म्हणजे फ्रान्स. बाकीचे देश त्यांनी आपल्या हिमतीवर उभे केले होते, फ्रान्स मात्र सरकारमान्य होता. चंद्रनगर तेव्हा अजून फ्रेंचांचं होतं. हावड्याहून लोकलनं निघायचं आणि तासाभरात परक्या राज्यात उतरायचं, यात काकांना जे सुख होतं ते कुणाला काशीत मिळत नसेल. त्या दिवशी त्यांनी शालूला मोजे घालायला लावले. नदीकाठचा तो रुंद, सावलीचा रस्ता, पांढऱ्या खांबांची घरं, हिरव्या झडपांच्या खिडक्या, बाकांवर बसलेली निवांत माणसं; खरंच वाटे, आपण कुठंतरी फार लांब आलोय. काका एका वेगळ्याच टोपीच्या पोलिसासमोर ताठ उभे राहिले आणि खड्या आवाजात म्हणाले, "बोंजूर!" पोलिसानं त्यांना खालून वर न्याहाळलं आणि फार मायेनं विचारलं, "की दादा, पोथ हारियेछेन?" वाट चुकलात का, म्हणून. काका आम्हांला म्हणाले, "बघा, किती अगत्य! म्हणूनच जगात फ्रेंचांचं नाव आहे."

पुढे चंद्रनगर भारतात आलं. काकांनी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला संदेश मिठाई वाटली, दारावर तिरंगा लावला. संध्याकाळी मी वर गेले तर अंधारात बसले होते. म्हणाले, "देशाच्या दृष्टीनं फार उत्तम झालं. फार उत्तम. पण सूनबाई, माझा एक फ्रान्स कमी झाला."

या सगळ्या सफरींत मावशी कधीच आल्या नाहीत. डबा मात्र नेमानं भरून द्यायच्या. "माझे पाय दुखतात गं," म्हणायच्या, आणि दुसऱ्याच दिवशी कालीघाटापर्यंत चालत जाऊन यायच्या. एकदा जिन्यात मी त्यांना छेडलंच. तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "मला हवा तो देश हे दाखवत नाहीत." तो देश म्हणजे वाई. लग्न होऊन आल्यावर एकदा बहिणीच्या लग्नाला गेल्या होत्या, मग आई-वडील गेले, घर दुसऱ्यांनी घेतलं, आणि जायला निमित्त उरलं नाही. विषय काढला की काका म्हणत, "तिथं काय बघायचंय? सगळी आपलीच माणसं, आपलीच भाषा. त्याला का प्रवास म्हणतात?" मावशी जरा जोरात भाजी चिरत.

ह्यांची पुण्याला बदली झाल्याचं कळलं त्या दिवशी मावशी खाली आल्या. मागोमाग काकाही आले. ते आमच्या रस्त्यात लागणारी स्टेशनं शालूला मोठ्या उत्साहानं सांगत असताना मावशी मला म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, "मला तुमच्याबरोबर न्याल का? एकदा कृष्णेवर जाऊन येईन म्हणते. ह्यांना राहू दे इथंच. ह्यांचं जेवण खानावळीत होईल."

काकांची गाडी मधल्याच स्टेशनात अडली. आजवर त्या घरात सफरी काकांनी ठरवायच्या आणि डबे मावशींनी भरायचे अशी वाटणी होती. "अगं, पण तिथं बघण्यासारखं आहे काय?" ते म्हणाले.

"बघण्यासारखं काही नाही," मावशी म्हणाल्या, "मला नुसतं जायचंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते, तेव्हा काका आले. बराच वेळ बालीगंज स्टेशनकडून येणाऱ्या गाडीचा धूर बघत उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, तिथं माझ्या ओळखीचं कुणी नाही गं. चीनमध्ये निदान गिऱ्हाइकं तरी आहेत." एवढ्या ताठ मानेच्या माणसाला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी म्हटलं, "काका, आम्ही आहोत ना." त्यांनी मान हलवली. आम्ही पुण्यात घर लावल्यावर, थंडीत, दोघंही आले.

पुण्यात काकांचं जे झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं. पहिल्याच सकाळी ते माझ्याबरोबर मंडईत आले आणि दारातच उभे राहिले. "सूनबाई," ते माझ्या कानाशी म्हणाले, "इथं सगळेच मराठी बोलतात!" भाजीवाली मराठी, हमाल मराठी, एकमेकांना घातलेल्या शिव्या मराठी! जन्मभर त्यांनी मराठी ऐकली होती ती चार भिंतींत, सणावारी, मोजक्या पाच-पंचवीस घरांत. तीच भाषा इथं रस्त्यावर अशी उधळलेली पाहून ते एका पाटीपासून दुसऱ्या पाटीपर्यंत नुसते ऐकत हिंडले. शेवटी तहान लागली म्हणून एका भाजीवालीला त्यांनी अदबीनं विचारलं, "बाई, जरा पाणी खायला मिळेल का?" बंगालीत पाणीही खातात आणि चहाही खातात, आमच्या कलकत्त्याच्या मंडळींच्या तोंडी ते सहज बसलेलं असतं. बाईनं तांब्या पुढे केला आणि पदर तोंडाला लावून हसली. "पाणी खात्यात व्हय तुमच्याकडं? कुठलं म्हणायचं पाव्हणं?"

काकांनी तांब्या हातात धरला, पण प्यायले नाहीत. कलकत्त्यात सारा रस्ता त्यांना 'मराठी बाबू' म्हणे. "कलकत्त्याचा," ते हळूच म्हणाले. परतताना टांग्यात एवढंच बोलले, "दोन्हीकडे पाहुणाच निघालो की मी."

त्यानंतर आम्ही वाईला गेलो. मोटारीतून उतरल्यापासून मावशी पुढे आणि काका पिशवी घेऊन मागे. पाय दुखणाऱ्या मावशींना गाठताना शालूला पळावं लागत होतं. "इथं आमची शाळा. इथं आम्ही बिट्ट्या खेळायचो. ही चिंच, हिच्यावरून मी पडले होते." त्यांचं जुनं घर आलं तेव्हा त्या थांबल्या नाहीत, नुसतं दाराकडे पाहून हसल्या. घाटावर धुणं धूत असलेली एक म्हातारी मान वर करून बघत राहिली, मग धुणं टाकून उठली. "तू यमी ना गं? भटजींची यमी?" मावशींना यमी म्हणणारं माणूस जगात आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. दोघी एकमेकींचे हात धरून घाटाच्या पायरीवर बसल्या आणि एकदम बोलू लागल्या, कुणी ऐकायला थांबेना.

काका माझ्याजवळ उभे होते. दोघींकडे बघत म्हणाले, "मी इतकी वर्षं लोकांना परदेश दाखवत हिंडलो, आणि ही माझ्याच घरात परदेशात राहिली." तेवढ्यात म्हातारीनं वळून विचारलं, "यमे, हे तुझे मालक का? अहो जावईबापू, तिकडं काय उभे? या, बसा की. चहा टाकते, घरी चला." काका चटकन पुढे झाले. कुठल्याही मुलखात त्यांना इतक्या घाईनं पुढे जाताना मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दर थंडीत दोघं येत. दुकानावर माणूस ठेवून महिना महिना वाईला राहत. काका घाटावर बसून लोकांचे चष्मे तपासून देत, दांड्या घट्ट करून देत, आणि साऱ्या आळीचे जावईबापू झाले होते. मावशींनी मात्र चीन शेवटपर्यंत पाहिला नाही. काकांनीही पुन्हा विचारलं नाही.

मावशी गेल्या त्या वर्षी काका येणार नाहीत असंच आम्ही धरून चाललो होतो. पण थंडी पडली तसे ते आले, आणि थेट वाईला गेले. परतताना एक दिवस आमच्याकडे उतरले. मी विचारलं, "तिकडं सगळं ठीक?" म्हणाले, "हो. घाटावरच्या त्या आजीबाई भेटल्या. मला बघून म्हणाल्या, जावईबापू, यंदा एकटेच?" मी चहा टाकला. तो त्यांनी अगदी सावकाश घेतला, आणि मग शालूला म्हणाले, "जवळ बस. तुझ्या आजीचं गाव कसं आहे ते सांगतो."