निळी नदी, काळे काठ

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते डॉक्टरीणबाईंच्या एका वाक्याने. बाईंना चांदीत दगड जडवलेलं पेंडंट हवं होतं: मधून निळी नदी, दोन्ही काठ काळे. चित्र थोरलीच्या हातात देता देता त्या म्हणाल्या, "पण करतील धाकट्या वहिनीच हं. माझ्या मैत्रिणीचं त्यांनीच केलंय ना?"

बावीस वर्षं घरातल्या खिडकीखाली, दागिने घडवायच्या टेबलाशी थोरलीच बसत आली होती. धाकटी जाऊ घरात आली तेव्हा तिला करवत धरता येत नव्हती. पहिल्या महिन्यात तिने अकरा पाती मोडली. थोरलीने तिला बोट धरून शिकवलं. गुरूची विद्या गुरूलाच फळली, आणि वर हसून तिला चहाही विचारायचा.

खरं सांगायचं तर धाकटीचं काम सुरेख उतरलं, आणि तेच तर दुखणं होतं. बिघडलं असतं तर थोरली मोकळ्या मनाने चार शब्द कौतुकाचे बोलली असती. चांदीच्या उभ्या पट्ट्या डाख देऊन सांधून धाकटीने नदीचं वळण काढलं होतं आणि त्यात निळा आणि दोन्ही बाजूंना काळा दगड केसाचीही फट न ठेवता बसवला होता.

शेवटची घासणी मात्र घरात थोरलीचीच. दगड चांदीच्या पातळीला असे आणायचे की वरून नख फिरवलं तर कुठे अडकू नये. निळा दगड मऊ, काळा टणक. अशी जोडी काचेवर ओला पॉलिश पेपर पसरून, हाताने, सावकाश घासायची. लोकरीच्या फिरत्या चाकावर धरली तर चाक मऊ दगड खातं आणि मधे खड्डा पडतो. हे तिनेच धाकटीला दहादा बजावलं होतं. आणि त्या दुपारी धाकटी भाजी आणायला गेल्यावर तिनेच चाक सुरू केलं. वेळ वाचेल, असं ती मनाशी म्हणाली. ते तिचं तिलाही पटलं नाही, पण हात थांबला नाही.

धाकटी परतल्यावर थोरलीने पेंडंट पुढे केलं. नख अडकतंय, म्हणाली, निळा दगड पातळ कापलास वाटतं. धाकटीचा चेहरा पडला. परवा बाई येणार, आता कसं करायचं, चूक माझीच, असं ती पुटपुटत राहिली, आणि थोरलीला कित्येक दिवसांनी बरं वाटलं.

मग धाकटीने डोळ्याला भिंग लावलं. चिमट्याने पट्टीच्या कडेतून काहीतरी उपसून टेबलावर ठेवलं. लोकरीचा पांढरा धागा होता. तिने एकदा चाकाकडे पाहिलं. थोरलीची कानशिलं तापली. आता भांडण होणार, दोघींच्या नवऱ्यांपर्यंत जाणार, म्हणून तिने मनात उत्तरंही जुळवून ठेवली.

धाकटी भांडली नाही. तिने पेंडंट शेकून चिकटवण सैल केलं, निळा दगड उपसला, नवा कापला, बसवला. सगळा दुसरा दिवस त्यात गेला. संध्याकाळी ते थोरलीच्या पुढ्यात ठेवून ती हळूच म्हणाली, "ताई, या वेळी काचेवरच घासाल ना?"

थोरलीने घासलं. मान वर न करता, पुरते तीन तास. नख कुठेच अडकलं नाही.

बाई आल्या. पेंडंटवरून अंगठा फिरवत राहिल्या आणि धाकटीला म्हणाल्या, किती गुळगुळीत केलंत हो.

"ते ताईंच्या हातचं आहे," धाकटी म्हणाली. "मला अजून तसं घासता येत नाही."

साफ खोटं. गेली दोन वर्षं तिला थोरलीइतकंच छान घासता येत होतं, आणि हे त्या खोलीत दोघींनाच ठाऊक होतं. बाईंनी थोरलीचा हात हातात घेतला. थोरली हसली, मान डोलावली. धाकटी कामात पुढे गेली, हे तिने एक वेळ गिळलं असतं. पण ही मनानेही मोठी निघाली, याचा तिला कामापेक्षा जास्त राग आला.